कोऱ्या कार्डाचा पंचनामा

ऑडिटसाहेबांच्या गाडीच्या डाव्या दारावर ओरखडा उमटला आणि निवृत्तीनंतर मंदावलेली त्यांची तब्येत एकदम सुधारली.

ओरखडा म्हणाल तर वीतभर. पण गाडी पांढरी आणि ओरखडा लाल, आणि शेजारच्या जागेत उभी राहणारी दातांच्या डॉक्टरांची गाडीही लालच. एवढ्यावर ज्याला संशय येणार नाही, त्याने उभी हयात लेखापरीक्षणात काढलेली नसणार. साहेबांनी काढली होती. इमारतीत त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं. बाकी सगळे त्यांना ऑडिटसाहेब म्हणत आणि ते येताना दिसले की हातातली पावती खिशात घालत.

अडचण एकच होती. डॉक्टर हे त्यांचे मित्र होते, आणि एकुलते एक होते. संशयी माणसाला साधा माणूस मित्र म्हणून परवडत नाही. तो चार दिवसांत दुखावतो. त्याला दुसरा संशयी माणूसच लागतो. दोघं रोज सकाळी फिरायला जात, वाटेत एकमेकांच्या बोलण्यातल्या चुका काढत आणि टवटवीत होऊन परत येत. ओरखड्यानंतर ते बंद पडलं. ऑडिटसाहेब एकटे फिरू लागले. पण एकट्या माणसाने चुका काढायच्या कोणाच्या? झाडांच्या किती काढणार?

तेव्हा प्रश्न नुसत्या दाराचा नव्हता. डॉक्टरांनी गाडी घासली असती तर ऑडिटसाहेबांनी दोन दिवस ओरडून सोडून दिलं असतं. पण घासून गप्प राहणारा माणूस इतकी वर्षं आपल्या शेजारून चालत होता काय, हे त्यांना कळायला हवं होतं.

तोंडी विचारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी अर्धसमास पाठवलं. म्हणजे कागदाला मधोमध उभी घडी घालायची, डावीकडे आपला आक्षेप लिहायचा आणि उजवी बाजू समोरच्याच्या खुलाशासाठी कोरी सोडायची. भले भले अधिकारी त्या कोऱ्या बाजूकडे बघून रजेवर गेले होते. डॉक्टर गेले नाहीत. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीसारख्या अक्षरात उजवीकडे लिहिलं, 'रंग माझ्या गाडीचा नाही. दोष नजरेत आहे. मी डोळे तपासत नाही, दात दुखत असल्यास यावे.'

"बघितलंस?" ऑडिटसाहेब बायकोला म्हणाले. "प्रश्नाला बगल दिली आहे."

"अहो, नाही म्हणालेत ना ते?"

"नाही म्हणाले, पण सविस्तर नाही म्हणाले नाहीत."

"दार रंगवून आणलं असतंत तर एव्हाना विसरला असतात."

"रंगवणं म्हणजे पुरावा नष्ट करणं."

"आणि धुणं?"

"तेही." गाडी तेव्हापासून धुतलेली नव्हती. तिच्या काचेवर कोणीतरी बोटाने एक हसरा चेहरा काढला होता, आणि तोही पुराव्यात जमा होता.

अशा वेळी इमारतीच्या कमिटीचे खजिनदार धावून आले. हे गृहस्थ धंद्याने विमा एजंट. दुसऱ्याच्या संकटात त्यांना एक आपुलकी वाटे. त्यांच्याबरोबर सेक्रेटरी होते. सेक्रेटरींचं काम खजिनदारांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवणं.

"साहेब," खजिनदार ओरखड्याजवळ वाकून, देवळात वाकावं तसे हळुवारपणे म्हणाले, "आज शब्दाला किंमत नाही. फुटेज लागतं. गाडीत कॅमेरा बसवा. आज दार घासलं, उद्या आरसा तोडेल. पण पुढच्या वेळी दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी."

"कोण तोडेल?" ऑडिटसाहेबांनी विचारलं.

"मी नाव घेत नाही," खजिनदार डॉक्टरांच्या गाडीकडे बघत म्हणाले. सेक्रेटरींनी मान हलवली.

कॅमेरा आला. गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनने तो पुढच्या काचेला चिकटवला आणि तार थेट बॅटरीला जोडली. "गाडी झोपली तरी हा जागा," तो म्हणाला. "पडदा विझला तरी बंद पडला असं समजू नका. फक्त कार्ड घाला."

फक्त कार्ड. 'फक्त सही करा' म्हणणाऱ्यांची अर्धी नोकरी ऑडिटसाहेबांनी खाल्ली होती, त्यामुळे 'फक्त' म्हटलं की त्यांचे कान उभे राहत.

कार्ड घ्यायचंय हे लिफ्टमध्ये एकदा बोलून गेले आणि इमारतीतली दडलेली विद्वत्ता बाहेर आली. एक जण म्हणाला लहान घ्या, मोठं हरवतं. वास्तविक दोन्ही नखाएवढीच. दुसरा म्हणाला मोठ्यात मोठं घ्या, पुढे महाग होतील. तिसऱ्या मजल्यावरच्या पेटीवाल्या गुरुजींनी बजावलं, की त्यांच्या कार्डातून एका शिष्येचा अख्खा यमन नाहीसा झाला होता, आणि तो गेला याचं दुःख नसून कुठे गेला हे कळलं नाही याचं आहे. ही एकच गोष्ट ऑडिटसाहेबांना शहाणपणाची वाटली.

दुकानदाराने पहिलाच प्रश्न खाजगी विचारला. "कशात घालायचंय?"

"ते मी का सांगू?"

"काका, फोनचं वेगळं, गाडीतलं वेगळं. गाडीतलं दिवसभर लिहितं आणि पुसतं. साधं कार्ड त्यात दमतं. तुम्हाला दणकट लागेल."

"पुसतं म्हणजे?"

"भरलं की सगळ्यात जुनं पुसायचं आणि त्याच्यावर नवं लिहायचं."

ऑडिटसाहेब तिथल्या स्टुलावर बसले. "कोणाच्या परवानगीने?"

"आपोआप, काका."

जुनं दप्तर आपोआप जळून गेल्याचे खुलासे त्यांनी कितीतरी कचेऱ्यांतून ऐकले होते. पण ते आगीनंतर. आगीची सोय आधीच करून विकणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

आपल्या सचोटीचा पुरावा म्हणून दुकानदार पुढे म्हणाला, "बाजारात नकली फार आहेत. वर चौसष्ट जीबी छापलेलं, आत आठ. आपल्याकडे तसलं नाही." त्या बिचाऱ्याने हे शिफारस म्हणून सांगितलं, ऑडिटसाहेबांनी ते कबुलीजबाब म्हणून ऐकलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं. मग वरचं पाकीट नको आणि खालचंही नको, असं म्हणून गठ्ठ्याच्या मधलं कुठलंतरी ओढून घेतलं. नमुना तपासणीची हीच रीत असते. मधलं पाकीट निघालं कानातल्या यंत्राच्या सेलचं. मग पुन्हा ओढलं.

घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि ऑडिटसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. पाकिटावर चौसष्ट. पडद्यावर एकोणसाठ आणि वर थोडे.

"अगं, इकडे ये. जवळपास पाच कमी."

"पाच काय?"

"ते महत्त्वाचं नाही. कमी आहेत."

ते तसेच दुकानात परतले. दुकानदाराने समजावून सांगितलं, की कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या. माल तोच, मोजमाप दोन.

"म्हणजे दोन वह्या," ऑडिटसाहेब शांतपणे म्हणाले. "एक दाखवायची, एक ठेवायची."

"काका, जगभर असंच आहे."

"जगभर आहे हे मला माहीत आहे. उघड सांगणारे तुम्ही पहिले."

त्यांची ब्याद टळावी म्हणून दुकानदाराने कार्ड घेतलं, आपल्या कॉम्प्युटरला लावलं, कसलंसं बटण दाबलं आणि परत दिलं. "फॉरमॅट करून दिलंय, फुकट. आता जा."

"काय पुसलंत?"

"काही नव्हतंच त्यात."

"नव्हतं तर पुसलंत काय?"

दुकानदाराने दुसरं गिऱ्हाईक नसतानाही दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे लक्ष दिलं.

कॅमेऱ्याने ते कार्ड नाकारलं. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि आतून एका बाईचा अतिशय लाघवी आवाज आला, "कार्ड ओळखता येत नाही. कृपया कार्ड फॉरमॅट करा." ऑडिटसाहेबांनी भाच्याला फोन लावला. भाचा कॉम्प्युटरमधला.

"मामा, दुकानदाराने वेगळ्या पद्धतीने केलंय ते. कॅमेऱ्याला स्वतःच्या हाताने केलेलं फॉरमॅटच चालतं. दुसऱ्याने केलेलं तो मानत नाही."

ऑडिटसाहेबांना त्या यंत्राबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. दुसऱ्याच्या तपासणीवर सही न करणारं असं कोणीतरी खात्यात असतं तर त्यांना इतकी वर्षं एकाकी काढावी लागली नसती.

"मग मी काय करू?"

"बटण दाबा. तो विचारेल, तुम्ही 'हो' म्हणा."

त्यांनी दाबलं. पडद्यावर आलं, 'सर्व माहिती कायमची नष्ट होईल. खात्री आहे?' खाली 'हो' आणि 'नाही'.

ऑडिटसाहेबांचं बोट हवेत थांबलं. त्यांना आयुष्यात कशाचीच खात्री नव्हती. त्याचाच त्यांना पगार मिळत असे.

"मामा, दाबलंत?"

"कोऱ्या कार्डाला कोणी 'सर्व माहिती' म्हणेल का रे?"

"मामा, ते वाक्य आधीपासून लिहिलेलं असतं."

"म्हणजे पूर्वनियोजित आहे."

"मामा, मी मीटिंगमध्ये आहे," भाचा म्हणाला. तो फोन घेतेवेळी मीटिंगमध्ये नव्हता, हे ऑडिटसाहेबांनी टिपून ठेवलं आणि 'नाही' दाबलं.

मग ती बाई मागे लागली. वळण आलं की, "कृपया कार्ड फॉरमॅट करा." सिग्नलला थांबलं की, "कृपया कार्ड फॉरमॅट करा." भाजी घेऊन परतताना बायको शेजारी बसून ऐकत होती.

"किती गोड सांगते बिचारी. मी एवढ्यांदा सांगितलं असतं तर ओरडला असतात."

"तुला मी कारण विचारलं असतं."

"मग तिला विचारा."

"तिला उत्तर देता येत नाही."

"मला येतं, पण तुम्ही थांबता कुठे."

कॅमेरा लागल्याची बातमी डॉक्टरांपर्यंत गेलीच होती. एका संध्याकाळी सेक्रेटरी त्यांचा निरोप घेऊन आले. निरोप सांगताना ते फार दुःखी दिसायचा प्रयत्न करत होते. "डॉक्टर म्हणतात, त्या कार्डात आधीच काही भरून ठेवलं नाही कशावरून? उद्या भलत्याच गाडीचं चित्र दाखवाल. कार्ड कोरं आहे हे त्यांच्यासमोर सिद्ध करा म्हणाले."

बायकोला वाटलं, आता भडका उडणार. पण ऑडिटसाहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. इतक्या दिवसांत त्यांना कोणी असा नेमका प्रश्न विचारला नव्हता. इमारतीत असा प्रश्न विचारू शकणारा माणूस एकच होता, आणि त्याच्याशी बोलणं बंद होतं.

"पंचनामा करू," ते म्हणाले.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सगळे जमले. पंच म्हणून सेक्रेटरी आणि खजिनदार. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले. डावं दार त्यांनी रुमालाने धरून उघडलं. "माझे ठसे नकोत तुमच्या दारावर," ते कोणाकडेच न बघता म्हणाले, आत बसले, आणि बाहेरच्या पंचांना नीट दिसावं म्हणून काच पूर्ण खाली केली. ऑडिटसाहेब स्टिअरिंगशी बसून मसुदा वाचू लागले.

"सदर कार्ड काळ्या रंगाचे, नखाएवढे असून..."

"कोणाच्या नखाएवढे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर्वसाधारण नखाएवढे."

"सर्वसाधारण नख असं काही नसतं. करंगळीच्या लिहा."

ऑडिटसाहेबांनी दुरुस्ती केली आणि शेजारी आद्याक्षरी मारली. त्यांना मनातून बरं वाटलं. मसुद्यातली ती जागा त्यांनाही खटकत होतीच. पुढे, कार्ड 'कोरे आहे' लिहायचं की 'कोरे असल्याचे दिसते' यावर दोघांचं एकमत झालं आणि ते लपवायला दोघांनी बराच वेळ वाद घातला. बाहेर पंच एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

अखेर तो क्षण आला. बटण. लाल अक्षरं. 'खात्री आहे?' ऑडिटसाहेबांचं बोट 'हो'पर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. सगळे बघत होते. सेक्रेटरींनी उगाचच मान हलवली.

"दाबा," डॉक्टर म्हणाले.

"दाबतोय."

"हे दाबणं नाही, हे दाखवणं आहे."

"एकदा गेलं की परत येत नाही, डॉक्टर."

"मी रोज लोकांना हेच सांगतो आणि दात काढतो," असं म्हणून डॉक्टरांनी हात लांब केला आणि त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवून 'हो' दाबून टाकलं. "झालं. भूलसुद्धा लागली नाही."

ती बाई प्रसन्न होऊन म्हणाली, "फॉरमॅट पूर्ण झाले." त्यानंतर पडदा विझला. सह्या झाल्या. डॉक्टर जिन्याने गेले म्हणून ऑडिटसाहेब लिफ्टने गेले. जाता जाता त्यांनी गाडीला कुलूप घातलं; डावी काच खालीच राहिली हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

विझलेल्या पडद्यावर विश्वास ठेवणं त्यांना शक्य नव्हतं. इलेक्ट्रिशियन काहीही म्हणो. संध्याकाळी ते कार्ड वर घेऊन आले आणि कॉम्प्युटरला लावलं. चित्र होतं. आवाजही होता. आधी सह्यांच्या वेळची कुरकुर. मग दारं बंद झाल्याचे आवाज. मग बॉनेटसमोर सेक्रेटरी आणि खजिनदार, दोघं निवांत टेकलेले.

"चला, पडदा विझला, संपलं एकदाचं," सेक्रेटरी म्हणत होते.

"संपतंय कसलं? आता रोज बसतील फुटेज बघत."

"मला वाईट वाटतं हो कधी कधी. शिडी घासली आपल्या पेंटरने. कठड्याचा लाल हात मारत होता, तोच लागला दाराला. आणि बोल बसतो डॉक्टरांना. सांगून टाकू या का?"

"वेड लागलंय का तुम्हाला? त्यांचं जमत होतं तेव्हाचे दिवस आठवा. सकाळी फिरून आले की दोघं मिळून टाकीचं झाकण उघडून बघणार, मीटर वाचणार, बिलं मागणार. आता कसं गार आहे. रंगकाम बिनबोभाट पार पडलं. म्हणून तर मी कॅमेरा सुचवला. कॅमेरा म्हटला की कार्ड आलं, कार्ड म्हटलं की संशय आला. वर्ष निघून जातं."

चित्रातल्या सेक्रेटरींनी मान हलवली.

ऑडिटसाहेबांनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"हे आवाज डॉक्टरांनी काढले नसतील कशावरून?" ते शेवटी म्हणाले.

"दोघांचे?"

"दातांचा माणूस आहे. तोंडाचं त्याला काहीही जमेल."

बायकोने त्यांच्या चपला आणून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

डॉक्टरांचं दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून एक डोळा दिसला.

"कोण?"

"मी."

"कशावरून?"

ऑडिटसाहेबांनी घसा साफ केला. "ओरखड्याबाबतचा परिच्छेद वगळण्यात येत आहे."

"हे मला कळेल असं सांगा."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. ऑडिटसाहेबांनी उंबरठ्याकडे बघितलं, नाव लिहिलेल्या पाटीकडे बघितलं, पाटीचा एक खिळा सैल आहे हेही पाहिलं.

"डॉक्टर, चूक माझी."

"मला या कानाने कमी ऐकू येतं."

"दुसरा कान लावा."

"लावला. म्हणा."

"चूक माझी," ऑडिटसाहेब म्हणाले, आणि साखळी निघाली.

दोघांनी मिळून चित्रफीत बघितली. डॉक्टरांनी मध्येच थांबवली. "झाकण मी उघडतो म्हणतोय हा. झाकण तुम्ही उघडता. मी नुसता वाकून बघतो."

"वाकणं हा सहभागच."

"सहभाग नव्हे, उपस्थिती."

या मुद्द्यावर ते इतके रंगले की डॉक्टरांच्या बायकोने आणलेला चहा निवला. मग डॉक्टरांनी विचारलं, "हे कोणाला दाखवलंत?"

"अजून नाही. उद्याच कमिटीसमोर..."

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "रुग्णाने आपणहून तोंड उघडलंय. ते घाईने मिटू द्यायचं नसतं."

ऑडिटसाहेबांनी मित्राकडे कौतुकाने बघितलं. हे आपल्याला सुचलं नाही याचा त्यांना किंचित रागही आला.

तेव्हापासून इमारतीत सर्वांना ठाऊक आहे, की ऑडिटसाहेब आणि डॉक्टर यांच्यातून विस्तव जात नाही. सकाळी एक जण पुढच्या फाटकाने निघतो, दुसरा मागच्या. कोपऱ्यावर दोघं भेटतात आणि फिरून परत तसेच येतात. एक दिवसाआड पार्किंगमध्ये त्यांचं कडाक्याचं भांडण होतं, नेहमी पांढऱ्या गाडीच्या बॉनेटसमोर. डॉक्टर अपशब्द घरून पाठ करून येतात. भांडण झालं की दोघं गाडीची डावी काच खालीच ठेवून तरातरा निघून जातात आणि मागे कमिटी टेकून गप्पा मारते. कार्ड भरत आलं की ऑडिटसाहेब सगळं उतरवून घेतात आणि स्वतःच्या बोटाने 'हो' दाबतात.

आणि सेक्रेटरी समाधानी आहेत. कालच त्यांनी ऑडिटसाहेबांना पार्किंगमध्ये गाठलं आणि हळहळून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, साहेब. डॉक्टरांचा स्वभावच तसा."

"माणूस ओळखू येत नाही हो," ऑडिटसाहेब खिन्नपणे म्हणाले आणि सेक्रेटरींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना हलकेच दोन पावलं डावीकडे, बॉनेटसमोर घेऊन गेले. तिथे चेहऱ्यावर उजेड चांगला येतो. "आता मला सांगा, टाकी साफ केल्याचं बिल कसं काय आलं?"